आजोबांच्या नावाची पद्धत

या लेखात कुणाचंही नाव नाही. ही बाबांची अट. "लिही काय लिहायचं ते, पण नावं घालू नकोस. छापील नावांनी आपल्या घरात पुरेसा घोळ घातलाय," असं म्हणाले आणि पुन्हा उन्हात जाऊन बसले.

उन्हात बसणं हे माझ्या वडिलांचं काम आहे. टोमणा मारत नाहीये, सरळ सांगते आहे. चंडीगडच्या हिवाळ्यात विद्यापीठाच्या क्वार्टरांच्या भिंती इतक्या गार पडतात की दुपारी सगळी वस्ती घराबाहेर येते. बायका विणतात, मटार सोलतात, म्हातारे भुईमुगाच्या शेंगा फोडतात. त्या गर्दीत एका बाजेवर माझे बाबा, मफलर बांधून, मांडीवर कागद घेऊन. वाऱ्याने कागद उडू नयेत म्हणून त्यांवर माल्टा संत्री ठेवलेली. गणित चालत असलं की संत्री तशीच राहतात. अडलं की एकेक सोललं जातं. संध्याकाळी बाजेखाली साली किती पडल्यात ते बघून आईला कळतं, आज नवऱ्याशी बोलण्यात अर्थ आहे की नाही.

शेजारच्या आंटी पंजाबी, मनाच्या फार मोठ्या. सुरुवातीच्या वर्षांत त्या रोज विचारायच्या, "प्रोफेसर साब, पेपर चेक कर रहे हो?"

"नहीं जी, सोच रहा हूँ."

"अच्छा जी. सोचो, सोचो." आणि मग आत येऊन आईला हळूच, "बहनजी, भाईसाब की तबीयत तो ठीक है ना?"

आम्ही पंजाबची फाळणी होऊन हे शहर नवी राजधानी म्हणून वसत होतं त्या सुमाराला इथे आलो. बाबा मिरजेकडचे, पुण्यात शिकलेले, आई नागपूरची. मी मराठी घरात शिकले आणि भांडायला हिंदीत. आंटी म्हणायच्या तरी बाबा प्रोफेसर नव्हते. रीडर होते, म्हणजे प्रोफेसरच्या एक पायरी खाली, आणि त्या पायरीवर ते इतकी वर्षं उभे होते की लोकांना वाटायचं त्यांना तीच आवडते.

त्यांचा विषय गणिती भौतिकी. मला समजलं तेवढं सांगते. लाट एकसारख्या पाण्यातून जाते तेव्हा तिचं गणित सोपं असतं. पण जमिनीचे थर घ्या, वरची हवा घ्या. त्यांचा दाटपणा जागोजागी बदलतो. तिथे लाटेचं काय होतं ते सांगणारी समीकरणं सुटता सुटत नाहीत. बाबांनी तरुणपणी, पुण्यात असताना, एक युक्ती काढली. त्या समीकरणाचं रूपच असं बदलायचं की बदलता दाटपणा गणितातून नाहीसा व्हावा आणि उत्तर काढून झाल्यावर तो पुन्हा जागेवर आणून ठेवावा. त्यावर त्यांनी तीन पेपर लिहिले, परदेशी मासिकांत छापून आले. पुढे चंडीगडला येऊन आणखी बरंच लिहिलं. ते उन्हातलं.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी त्यांच्या विभागात प्रोफेसरची जागा निघाली. मी तेव्हा राज्यशास्त्रात एम.ए. करत होते आणि विद्यार्थ्यांच्या एका संघटनेची पत्रकं लिहीत होते. स्टेन्सिल कापायची, सायक्लोस्टाइल करायची, मेसच्या दारात वाटायची. बाबांना खुर्चीचं काही नव्हतं. त्यांना हवा होता तो त्यांचा एम.एस्सी.चा विषय, जो त्यांनी स्वतः बांधला होता आणि दरवर्षी चार-पाच वेडी मुलं आवडीने घ्यायची. विभागप्रमुखांनी सांगूनच टाकलं होतं, बाहेरचा उमेदवार आला तर तो स्वतःचा विषय आणील, हा बंद होईल. हे विभागप्रमुख नुकतेच अमेरिकेतून परतलेले, आणि येताना त्यांनी एक नवं माप आणलं होतं. माणसाचं काम किती मोठं? तर इतरांनी आपल्या लेखांत त्याचा उल्लेख किती वेळा केला, तेवढं. ग्रंथालयात त्याचे जाडजूड खंड आले होते, मुंग्यांसारख्या अक्षरांत छापलेले.

माझं डोकं फिरलं. दोन दिवसांत पत्रक तयार: 'विदेशी तालियाँ गिनकर प्रोफ़ेसर बनाओगे?' बाबांना दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून वाचलं.

"तालियाँ छान आहे. बाकी मुद्दा कच्चा."

"कच्चा कसा?"

"अगं, माप वाईट नसतं. थर्मामीटर वजन सांगत नाही म्हणून तो फोडतेस का?"

"तुम्ही नक्की कुणाच्या बाजूचे आहात, बाबा?"

"थर्मामीटरच्या."

पत्रक वाटलं गेलं. कुणाचं काही बिघडलं नाही. उलट आठवड्याभराने विभागप्रमुखांनी बाबांना व्हरांड्यात गाठलं आणि अगदी सहानुभूतीने सांगितलं की तुमची मोजणी करून पाहिली, फार पातळ आहे हो. बाहेरचा माणूस कितीतरी पुढे आहे. बाबांनी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा आई पोळ्या लाटत होती.

"मी पातळ आहे म्हणे."

"पातळ? तुम्ही काय वरण होय का?" आई लाटणं हातात घेऊनच वळली. "आणि तुम्ही ऐकून घेऊन राहिले? काही बोलले नाही?"

"काय बोलणार? आकडा त्यांनी बरोबर वाचला असेल."

त्या दिवशी बाजेखाली सालींचा ढीग होता.

त्यानंतरच्या रविवारी बाबा भाजी आणायला गेले असताना आमच्या फाटकाशी सायकलरिक्षा थांबली. आतून एक उंच गोरा माणूस उतरला, कानांवर लोकरी टोपी. चंडीगडमध्ये गोरा माणूस दिसला की तो इथल्या नामांकित काँक्रीटच्या इमारती बघायला आलाय असं धरून चालायचं. मी त्याला सेक्रेटरिएटचा रस्ता सांगणार, तेवढ्यात त्याने माझ्या आजोबांचं नाव घेतलं. नुसतं नाव नाही, त्याच्या आधी 'डॉक्टर' लावून. डॉक्टर अमुक इथेच राहतात ना? काल विभागात विचारलं, कुणालाच माहीत नव्हतं. शेवटी एका क्लार्कने सांगितलं की हे नाव मराठी वाटतं, तर मराठी माणसाच्या घरी जाऊन विचारा.

आजोबा म्हणजे बाबांचे वडील. मी पाळण्यात असताना गेलेले.

"ते वारले," मी म्हणाले.

त्याने टोपी काढली. डोक्यावर केस नव्हते, थंडी होती, तरी काढली. "कधी?"

"मी अगदी लहान होते."

तो आमच्या पायरीवर बसलाच. "म्हणजे तेव्हाच. म्हणून त्यांचे पेपर यायचे थांबले." मग थोडं थांबून, "आम्हाला वाटलं तुरुंगात असतील." तो हंगेरीचा होता.

आतून आई आली. "कोण आहे गं? काय झालं?"

"आजोबा गेले म्हणून याला वाईट वाटतंय."

"बाप्पा! ते तर केव्हाचेच गेले!" तिने त्या माणसाकडे नीट पाहिलं. "च्या टाकू का त्याच्यासाठी?"

चहा पिताना तो सांगत राहिला. त्यांच्या संस्थेत भूकंपाच्या लाटांचा अभ्यास चालतो. तिथे नवीन आलेल्या मुलाला पहिल्या महिन्यातच आजोबांच्या नावाची पद्धत शिकवतात. फक्त त्यांच्याकडे नाही, मॉस्कोत, टोकियोत, सगळीकडे. एवढं मूलभूत काम तीन पेपरांत संपवून हा माणूस गेला कुठे, याचं कोडं कुणालाच उलगडलं नव्हतं. दिल्लीला परिषद होती, म्हणून तो मुद्दाम चंडीगडपर्यंत आला होता. कुणीतरी सांगितलं होतं की ते पेपर लिहिणारा पुढे इकडे आला.

"माझे आजोबा ड्रिल मास्तर होते," मी म्हणाले. "शाळेत."

"हो, उत्तम शिक्षक असणारच," तो म्हणाला. "लिखाणावरून कळतं."

तेवढ्यात फाटक वाजलं. बाबा, पिशवीतून फ्लॉवरचा गड्डा डोकावतोय. पाहुणा उभा राहिला, बाबांचा हात दोन्ही हातांत धरला आणि त्यांच्या थोर वडिलांच्या निधनाबद्दल, उशिरा का होईना, शोक व्यक्त केला. बाबा कानापर्यंत लाल झाले. चोरून लाडू खाताना सापडलेल्या पोरासारखे. मग त्यांनी पिशवी माझ्याकडे दिली आणि त्याला बाहेर बाजेवर नेलं. ऊन कलेपर्यंत दोघं तिथेच होते. एकदा तो गोरा इतका मोठ्याने हसला की आंटी कुंपणाशी आल्या: "क्या हुआ जी?" तो जाताना आमच्या घरात एक माणूस परत जिवंत झाल्यासारखा खूश दिसत होता.

जेवताना मी ताट पुढे ओढलंच नाही. "बोला आता."

प्रकरण असं. मिरजेच्या शाळेत हजेरीपटावर नाव कसं लिहितात? आधी आडनाव, मग स्वतःचं, मग वडिलांचं. बाबांनी पहिले तीन पेपर पाठवले तेव्हा नाव तसंच लिहिलं, जन्मभर लिहीत आले तसं. परदेशी संपादकाला काय कळणार? त्यांच्याकडे शेवटी येतं ते आडनाव. शेवटी होते आजोबा. झालं. पद्धतीला आजोबांचं नाव पडलं, आणि जगात जो कुणी ती वापरतो तो आजोबांचाच उल्लेख करतो. चंडीगडला आल्यावर कुणीतरी शहाण्याने बाबांना सांगितलं की आडनाव शेवटी घाल. त्यांनी घातलं. तिथून पुढचे पेपर त्यांच्या आडनावावर. विभागप्रमुखांनी मोजलं ते तेवढंच.

"आणि तुम्हाला हे माहीत होतं?"

"पहिल्यापासून."

"मग दुरुस्ती का नाही पाठवलीत?"

बाबांनी आमटी भुरकली. "पाठवणार होतो. त्याआधी सुटीत मिरजेला गेलो. एका जर्मन माणसाच्या लेखात पद्धतीचं नाव आलं होतं, ते त्यांना वाचून दाखवलं. तुझे आजोबा मॅट्रिकच्या गणितात नापास, म्हणून ड्रिल मास्तर झालेले. त्यांनी तो लेख खिशात घातला आणि गावभर फिरले. गणिताच्या म्हाताऱ्या मास्तरांच्या घरी गेले. म्हणाले, मास्तर, आता सांगा. जर्मनीत माझ्या नावाची पद्धत आहे. तुम्ही मला किती मार्क दिले होते?"

आई तोंडाला पदर लावून हसत होती. ही गोष्ट तिला माहीत होती तर. "मास्तरांनी म्हणे साखर वाटली," ती म्हणाली. "त्यानंतर सहा महिन्यांत मामंजी गेले. आता कशाची दुरुस्ती करता?"

"बापाचं नाव काढलं मी," बाबा म्हणाले. "लोक म्हणतात, मी खरोखर काढलं."

"मग आता परत काढा!" मी ओरडले. "त्या खंडातून काढा आणि तुमचं घाला!"

बाबांनी भात कालवायला घेतला. एकच क्रियापद, एकदा उजेडात आणायचं, एकदा खोडून टाकायचं. मराठीने हा घोटाळा आधीच करून ठेवलाय, त्याला मी काय करू?

दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात जाऊन मी खंड काढले. बाबांच्या आडनावाखाली चार-दोन ओळी. आजोबांच्या नावाखाली बोट खाली खाली सरकत गेलं आणि पान संपलं तरी यादी संपली नाही. रडू आलं आणि संताप आला. ज्या टाळ्या मोजू नका म्हणून मी बोंब मारली होती त्या सगळ्या आमच्याच घरासाठी वाजत होत्या, आणि ऐकायला बसलेला माणूस चुकीच्या दाराशी कान लावून होता!

मी घरी येऊन भांडले. आजोबांना कुणी खाली उतरवत नाहीये, म्हणाले. पण तुमचा विषय बंद होणार. ती चार-पाच मुलं पुढल्या वर्षी कुठे जाणार? मुलांचं ऐकून बाबा उठले. विभागप्रमुखांना जाऊन भेटले. ते म्हणाले, अहो, असं तोंडी कसं चालेल, प्रतिज्ञापत्र आणा, की हा माणूस आणि तो माणूस एकच.

म्हणून आम्ही सेक्टर सतराला गेलो. कोर्टाच्या बाहेर झाडाखाली टाइपरायटर घेऊन बसलेल्यांपैकी एका सरदारजींपुढे बाबा स्टुलावर बसले. सरदारजींना असल्या कामाची सवय होती. नाव, वडिलांचं नाव, पत्ता विचारून घेतलं आणि खडाखड सुरुवात केली. मध्येच थांबले. कागद वर ओढून वाचला.

"प्रोफेसर साब, ये तो बन गया, 'मैं, अपने पिता उर्फ़ अपने पिता का पुत्र.' ऐसे तो जज साहब मुझे अंदर कर देंगे."

"उर्फ़ नहीं चलेगा," बाबा म्हणाले. "मैं अपना बाप नहीं हूँ."

"ना जी, वो तो कोई नहीं होता." नवा कागद चढवला. "ऐसे लिखते हैं: ग़लती से मेरे पिता का नाम छप गया."

"ग़लती से मत लिखिए."

"तो क्या जानबूझ के छपा था?"

"वो भी नहीं."

सरदारजींनी बोटं टाइपरायटरवरून उचलली आणि माझ्याकडे बघितलं. "बेटी, पिताजी किसी को बचा रहे हैं?"

"अपने पिताजी को," मी म्हणाले.

त्यांनी पगडी नीट केली. जरा विचार केला. "हमारे तो आधा शहर सिंह है जी, किसी ने आज तक नहीं पूछा कौन सा. आप एक नाम के लिए..." पण कागद त्यांनी पुन्हा बदलला. मागे रांग लागली होती. एक वकील घड्याळ दाखवत होता. मी बाबांच्या कानात म्हणाले, बाबा, एक शब्द आहे हो, घाला ना. ते म्हणाले, एकच शब्द आहे म्हणूनच. शेवटी त्यांनी स्वतः वाक्य सांगितलं आणि सरदारजींनी टाइप केलं: माझ्या वडिलांच्या नावाने छापलेलं हे काम मी केलेलं आहे. चूक नाही, उर्फ नाही.

विभागप्रमुखांना ते अजिबात आवडलं नाही. हे काय प्रतिज्ञापत्र आहे? याचा अर्थ वडिलांचं काम मुलगा आपलं म्हणतोय असा नाही का होणार? मी बाबांना म्हणाले, बघा! बाबा म्हणाले, होऊ दे.

मुलाखतीच्या दिवशी त्यांनी लग्नातला कोट घातला. आईने खिशात साखरेची पुडी ठेवली, का ते विचारायचं नाही. मी विभागाच्या बाहेर गवतावर बसून होते. बरोबर संघटनेतली दोन मुलं, घोषणा तयार ठेवून. बाबा आत गेले.

पुढचं त्यांनी घरी सांगितलं ते. समितीत बाहेरून आलेले एक तज्ज्ञ होते, तमिळ. प्रतिज्ञापत्र हातोहात फिरत त्यांच्याकडे गेलं. विभागप्रमुख समजावू लागले की यात जरा घोटाळा आहे. त्या तमिळ गृहस्थांनी वाचलं आणि मान हलवायला लागले, जशी त्यांच्याकडे हलवतात तशी.

"यात घोटाळा कसला?" ते म्हणाले. "आमच्याकडे आडनावच नसतं. माझ्या नावाआधीचं अक्षर माझ्या वडिलांचं. अमेरिकेत सहा वर्षं सगळे मला माझ्या वडिलांच्या नावाने हाक मारत होते. मी ओ देत होतो." मग बाबांकडे वळून, "म्हणजे ते तुम्ही? मी तुमची पद्धत पंचवीस वर्षांपूर्वी शिकलो. मला वाटलं होतं तुम्ही वारलात."

"बऱ्याच जणांना वाटलं होतं," बाबा म्हणाले.

त्यानंतर म्हणे मुलाखत झालीच नाही. दोघं फळ्यापाशी गेले.

नेमणुकीचं पत्र उन्हाळ्यात आलं. आंटींनी बर्फीचा डबा आणला आणि म्हणाल्या, "पर प्रोफेसर तो आप पहले से ही थे ना?" सगळे हसले. मी नाही हसले. माझं समाधान झालेलं नव्हतं.

"त्या तज्ज्ञांच्या जागी उत्तरेकडचा कुणी असता तर?" मी बाबांना विचारलं.

"तर नसतो झालो."

"म्हणजे हा न्याय नाही. नशीब आहे. एका माणसाच्या बापाचं नावही तसंच वापरलं गेलं होतं म्हणून तुमचा विषय वाचला. याचा राग नाही येत तुम्हाला?"

"येतो की."

"दिसत नाही तो."

"मला त्याचं पत्रक करता येत नाही. तुला येतं, तू कर. फक्त मोजणाऱ्यांना शिव्या देऊ नकोस. वाचायला शिका म्हणावं."

मी पत्रक केलं. हिंदीत आणि पंजाबीत. त्यात मी लिहिलं की ज्या देशात माणसाचं नाव दहा तऱ्हांनी लिहितात तिथे एकाच तऱ्हेने मोजणारे लोक अडाणी आहेत, मग ते कुठूनही शिकून आलेले असोत. शिवी राहिलीच. बाबांनी वाचून पंजाबीतला एक अनुस्वार दुरुस्त केला, कुठल्या अधिकाराने देव जाणे.

जुलैत विषय सुरू झाला. पहिल्या तासाला मी मागच्या बाकावर जाऊन बसले. चार मुलगे, एक मुलगी. पंखा करकरत होता, बाहेर उकाडा. मला एक अक्षर कळणार नव्हतं, कळलंही नाही. बाबांनी फळ्याच्या डाव्या टोकाला लाट काढली आणि म्हणाले, देखो, किनारे पे खड़े रहोगे तो ये भाग जाएगी, इसके साथ भागना पड़ेगा. आणि हातातला खडू लाटेच्या माथ्यावर टेकवून ते खरोखर तिच्याबरोबर चालू लागले, मग भरभर, फळा संपला तरी थांबले नाहीत, दारातून बाहेर व्हरांड्यात गेले. वर्गात हसू फुटलं. बाहेरून त्यांचा आवाज येतच होता, वाक्य अजून संपलेलं नव्हतं, आणि ती पाच मुलं हसता हसता उठून, वह्या घेऊन, त्यांच्या मागे दाराकडे निघाली होती.